बेडकाची बोटं

फार वर्षांपूर्वी कुंदाने एक मुंगूस पाळलं होतं. त्याच्या टोपलीत एक रबरी बेडूक आणि जुन्या सदऱ्याची बाही होती. मुंगूस दिवसभर बेडकालाच चावत बसे.

“बाहीबाई, तुला कुत्रं तरी विचारतं का?” बेडूक मिरवायचा.

एके दिवशी मुंगसाने खाणं सोडलं. त्याचं फुगलेलं पोट चोळत कुंदा रडू लागली.

“बेडूकराव,” बाही हळूच म्हणाली, “तुमची बोटं कुठं गेली?”

बेडकाने आपल्या पायांकडे पाहिलं. एकही बोट उरलं नव्हतं.

वैद्याच्या औषधाने मुंगसाच्या पोटातले रबराचे तुकडे बाहेर पडले. मुंगूस उठून खेळायला आलं, तेव्हा बेडूक आपणहून टोपलीतून घरंगळत कपाटाखाली पार भिंतीपाशी गेला होता. मुंगसाने त्याला खूप शोधलं. शेवटी ते बाहीत शिरलं आणि दुसऱ्या टोकाने नाक बाहेर काढलं.

बेडूक अंधारातून बघत राहिला. त्याने हाक मारली नाही.