लोटल्या दाराची कहाणी

ऐक, उंबरठेमाई, तुझी कहाणी. बायांनो, हातातले पंखे जरा थांबवा, अक्षता घ्या.

आटपाट नगराला वैशाख लागला होता. ऊन असं, की कावळा फांदीवर चोच वासून बसे, अंगणात पाय ठरत नसे. त्या नगरात एक वाणी होता. त्याची बायको मथुरा, त्याची बहीण गजरा. बहीण पल्याडच्या गावी दिली होती.

वाण्याची आई मरणाला टेकली. तिनं सुनेला जवळ बोलावलं. म्हणाली, "सूनबाई, तुला एक वसा देते. उतू नकोस, मातू नकोस."

"काय करावं, सासूबाई?"

"वैशाखात दुपारी दार लोटावं, कडी घालू नये. उंबरठ्याशी माठ भरून ठेवावा. आल्यागेल्याला आधी पाणी द्यावं, मग गुळाचा खडा द्यावा, मग नावगाव पुसावं. वैशाख सरला की उंबरठ्याला हळदकुंकू वाहावं."

मग म्हातारीनं डोळे मिटले.

मथुरेनं वसा घेतला. पहिल्या वर्षी केला, दुसऱ्या वर्षी केला. कासारीण आली, पाणी प्याली. गोसावी आला, पाणी प्याला. माठातलं पाणी गार, घरादाराला सुख. तिसऱ्या वर्षी वाण्याची भरभराट झाली. त्यानं खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावले. पाणी शिंपडलं की आत गारवा येई, गोड वास येई. मथुरा जेवून आडवी होई. तिला वाटे, दार सारखं उघडतं, गारवा बाहेर जातो, झळ आत येते. मग एके दिवशी तिनं कडी घातली. हसू नका, बायांनो. गारव्याला चटावलेला जीव असाच असतो, तिचा काय नि आपला काय.

मग आखाजीचा, अक्षय्य तृतीयेचा सण आला. आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके घेतात, गाणी म्हणतात. बहिणीला आणायला भावानं गाडी पाठवायची. वाणी कामाच्या नादात विसरला, मथुरेनं आठवण केली नाही. गजरानं सकाळभर वाट पाहिली. मग म्हणाली, "आई गेली म्हणून माहेरही गेलं होय?" डोईवर ओला पदर घेतला, कडेवर तान्ही लेक घेतली, हाती भावासाठी सांजोऱ्यांची पुरचुंडी घेतली, नि भर उन्हाची चालत निघाली.

माहेरच्या दाराशी आली. दार लोटून पाहिलं, उघडेना. मग कडी वाजवली. मथुरा आत जागीच होती. मनात म्हणाली, "कुणी का असेना, जाईल." दुसऱ्यांदा वाजवली. मथुरेनं कूस बदलली. तिसऱ्यांदा वाजवली, तेव्हा पोर रडू लागली, नि गजरा "उगी, उगी" म्हणाली. मथुरेनं आवाज ओळखला. पण आता उठायचं, दार उघडायचं, गाडी का नाही धाडली ते सांगायचं! तिला जड झालं. "जरा वेळानं उठते," असं म्हणता म्हणता डोळा लागला.

उन्हं कलली. वाणी घरी आला, तो उंबरठ्यावर सांजोऱ्यांची पुरचुंडी. "अगं, गजरा येऊन गेली काय?" मथुरा म्हणाली, "दार वाजलं खरं. मला वाटलं, वारा आहे."

त्या दिवसापासून माठातलं पाणी गार होईना. पडद्यांना वास येईना. मथुरेच्या जिवाची तलखी थांबेना. मग ती नणंदेच्या गावी गेली. म्हणाली, "वन्सं, चला. मला वाटलं, वारा आहे." गजरा म्हणाली, "असेल, वहिनी." तिला पाणी दिलं, गूळ दिला. आली मात्र नाही. दुसऱ्या आखाजीला मथुरा गेली, तेच म्हणाली. तिसऱ्या आखाजीला गेली, तेच म्हणाली. गजरा म्हणे, "पुढल्या वर्षी बघू."

मग मथुरेनं कडीच उपटून टाकली. टाकला वसा पुन्हा घेतला. पाणी गार झालं, वाळा दरवळला, उंबरठेमाईनं सगळं परत दिलं. फिरलेली पावलं तेवढी तिच्याही हाती नव्हती. मथुरा दर वैशाखात दाराशी बसे, रस्त्याकडे बघे. केस पिकले, नवरा गेला, तरी बसे.

एका आखाजीला दार लोटून एक सासुरवाशीण आत आली. मथुरेनं आधी पाणी दिलं, मग गूळ दिला, मग नावगाव पुसलं.

"मी गजराची लेक, मामी."

मथुरेला कोण आनंद झाला. "आणि वन्सं? मागून येताहेत ना?"

"आई माघात गेली. जाताना म्हणाली, मामीकडे जा, नि सांग, त्या दिवशी मी नुसती कडी वाजवली, हाक मारली नाही. हाक मारली असती तर वहिनी धावत आली असती. चूक माझीच झाली."

मथुरेनं तिचा हात धरला. म्हणाली, "बाळ, मी जागी होते. मला तिचा आवाज कळला होता."

लेकीनं गुळाचा खडा खाली ठेवला. मग म्हणाली, "हे तिला सांगायचं होतंस गं, मामी. ती जन्मभर स्वतःलाच बोल लावत राहिली."

मथुरेला रडूही येईना. लेक चार दिवस माहेरपणाला राहिली, पण मथुरेची तलखी काही गेली नाही.

उंबरठेमाई मथुरेला उशिरा पावली, तशी तुम्हाआम्हाला न पावो, वेळेवर पावो. ही साठ घोटांची कहाणी पाच घोटांत सांगितली, सुफळ संपूर्ण.