मुटकुळी, गोधडी आणि बाबांचं नाक

एक होतं घर. घर होतं टेकडीच्या उतारावर. हिवाळ्यात तिथे वारा यायचा. सूं सूं. सूं सूं.

घरात होते आजोबा. घरात होती आजी. घरात होते बाबा, घरात होती आई. आणि घरात होती मुटकुळी.

मुटकुळी म्हणजे मांजराचं पिल्लू. एवढंसं! कापसाच्या बोळ्याएवढं.

मुटकुळीची एक टोपली होती. टोपलीत एक गोधडी होती. आजीने शिवलेली. आजीच्या लुगड्याचा तुकडा, आईच्या ओढणीचा तुकडा, बाबांच्या फाटक्या सदऱ्याचा तुकडा आणि आजोबांच्या धोतराची किनार. मुटकुळी गोधडीत शिरायची. अंगाचं मुटकुळं करायची. डोळे मिटायची. मग कुठली थंडी आणि कुठला वारा!

एका रविवारी सकाळी मुटकुळी उठली. दूध प्यायली. लप लप लप. परत टोपलीत आली. बघते तर काय?

टोपली आहे. गोधडी नाही!

टोपलीत बघितलं. नाही. टोपलीखाली बघितलं. नाही. नुसत्या टोपलीत बसून बघितलं. अंगाला टोचलं! थंडी वाजली. कुडकुड कुडकुड. मिशा हलल्या. थरथर थरथर.

"माझी गोधडी कोणी नेली?"

कोणी नेली? बाबांनी नेली!

बाबा अजून झोपले होते. अंगावर एक गोधडी. तिच्यावर दुसरी गोधडी. तरी बाबांना थंडी! म्हणून त्यांनी तिसरी घेतली. पण ती तर एवढीशी. पायांना पुरेना. पोटाला तर मुळीच पुरेना. बाबांचं पोट काय लहान आहे? मग बाबांनी ती डोक्यावरून घेतली.

मुटकुळी निघाली. टुपटुप टुपटुप. बाबांपाशी गेली.

"बाबा, बाबा, माझी गोधडी द्या."

गोधडीच्या आतून बाबा म्हणाले, "कशी देऊ? आजोबांनी खिडकी उघडी टाकलीय. वारा येतोय सूं सूं. खिडकी लागेल, तर गोधडी देईन."

आणि बाबा पुन्हा झोपले. घुर्रर्र घुर्रर्र.

मुटकुळी निघाली. टुपटुप टुपटुप. आजोबांपाशी गेली.

आजोबा खिडकीत बसले होते. डोक्याला कानटोपी. कानटोपीवर मफलर. अंगात दोन स्वेटर. पायात मोजे. आणि खिडकी मात्र सताड उघडी!

"आजोबा, आजोबा, खिडकी लावा.
बाबा गोधडी देईनात,
माझी थंडी जाईना!"

आजोबा म्हणाले, "कशी लावू? तुझ्या आजीने घरात शेगडी पेटवलीय. धूर होतोय भकभक. शेगडी आत, तर खिडकी उघडी. त्यात बदल नाही! शेगडी बाहेर जाईल, तर खिडकी लावीन."

मुटकुळी निघाली. टुपटुप टुपटुप. आजीपाशी गेली.

आजी शेगडीपाशी बसली होती. एक हात शेकत होती. मग दुसरा हात शेकत होती. मग पुन्हा पहिला.

"आजी, आजी, शेगडी बाहेर ने.
आजोबा खिडकी लावीनात,
बाबा गोधडी देईनात,
माझी थंडी जाईना!"

आजी म्हणाली, "कशी नेऊ गं बाई? वर बघ. पंखा फिरतोय गरगर. भर थंडीत पंखा! माझे गुडघे बर्फ झाले. आणि यांना काय जातंय खिडकीत बसून बोलायला? पंखा थांबेल, तर शेगडी बाहेर नेईन."

आजोबा म्हणाले, "मला ऐकू येतंय हं."

आजी म्हणाली, "कानटोपीतूनसुद्धा? बरं झालं!"

मुटकुळी निघाली. टुपटुप टुपटुप. आईपाशी गेली.

आई अंथरुणात पडली होती. या कुशीवर. मग त्या कुशीवर. डोक्यावर उशी. कानात बोटं.

"आई, आई, पंखा थांबव.
आजी शेगडी हलवीना,
आजोबा खिडकी लावीनात,
बाबा गोधडी देईनात,
माझी थंडी जाईना!"

आई म्हणाली, "कसा थांबवू? ऐक जरा."

मुटकुळीने कान टवकारले.

घुर्रर्र घुर्रर्र! घुर्रर्र घुर्रर्र!

"ऐकलंस? बाबांचं नाक! रविवार एकच असतो. त्या दिवशीही झोपू देत नाही. पंखा लावला की गरगर गरगर होतं. मग घुर्रर्र जरा कमी ऐकू येतं. नाक गप्प बसेल, तर पंखा थांबवीन."

आता जायचं कुणाकडे? नाकाकडे!

मुटकुळी निघाली. टुपटुप टुपटुप. बाबांच्या पायांवरून गेली. बाबांच्या पोटावरून गेली. पोट वर, मुटकुळी वर. पोट खाली, मुटकुळी खाली. तिला गंमत वाटली. पण थंडी काही जाईना.

शेवटी ती नाकापाशी पोचली. एवढीशी गोधडी पुढच्या पायाने थोडीशी उचलली. आत डोकावली. आत अंधार. अंधारात नाक. चांगलं मोठं नाक!

"नाकोबा, नाकोबा, गप्प बसा.
आई पंखा थांबवीना,
आजी शेगडी हलवीना,
आजोबा खिडकी लावीनात,
बाबा गोधडी देईनात,
माझी थंडी जाईना!"

नाक म्हणालं, "घुर्रर्र! कसा गप्प बसू? माझ्यावर ही गोधडी टाकलीय. आत कोंडलोय मी. गुदमरलोय मी. म्हणून तर ओरडतोय. घुर्रर्र! गोधडी निघेल, तर गप्प बसेन."

मुटकुळी बघतच राहिली.

"अगंबाई! ही तर माझीच गोधडी!"

गोधडी मिळायला नाक गप्प हवं. नाक गप्प बसायला गोधडी निघायला हवी. मुटकुळी इकडून निघाली आणि फिरून इथेच आली!

मुटकुळी रडकुंडीला आली. पाय गार. कान गार. नाकाचा शेंडा गार. एवढ्या मोठ्या माणसांना विचारलं. प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं. जागचं कुणी हललं का? कुणी म्हणजे कुणी नाही!

मग मुटकुळीला राग आला. एवढासाच आला, पण आला.

"विचारून विचारून माझं तोंड दुखलं. आता माझी शेपटीच बोलेल!"

मुटकुळी वळली. शेपटी ताठ केली. हळूच गोधडीत घातली. नाकाखाली फिरवली. गुलुगुलु. गुलुगुलु.

नाक थांबलं. नाक वाकडं झालं. नाक लाल झालं.

"आ..."

गुलुगुलु.

"आऽऽ..."

गुलुगुलु गुलुगुलु.

"आऽऽऽक्छी!"

बाबा उठून बसले. धप्पकन! तिसरी गोधडी डोक्यावरून मांडीवर पडली. मुटकुळी अंथरुणावर पडली. खिडकीतली चिमणी उडून गेली. भुर्रर्र!

आणि मग काय झालं?

नाक मोकळं झालं. नाक गप्प बसलं.

आई म्हणाली, "आहाहा, काय ही शांतता!" आईने बटण दाबलं. टक्. पंखा थांबला. गरगर... गर... ग.

आजी म्हणाली, "सुटले बाई!" आजीने शेगडी उचलली. अंगणात नेली. तिच्यावर चहाचं आधण ठेवलं.

आजोबा म्हणाले, "गेला एकदाचा धूर." आजोबांनी खिडकी लावली. खट्! वारा बाहेर. सूं सूं करत बसला बापडा.

आणि बाबा? बाबा म्हणाले, "अरेच्चा! थंडी गेली की!" बाबांनी मांडीवरची एवढीशी गोधडी उचलली. मुटकुळीला दिली.

चहा पिता पिता सगळे बोलू लागले.

आजोबा म्हणाले, "मी खिडकी लावली, म्हणून घर उबदार झालं."

आजी म्हणाली, "मी आधी शेगडी पेटवली, म्हणून झालं. तुमच्या खिडकीने काय होतंय!"

आई म्हणाली, "पंखा कोणी थांबवला? मी!"

बाबा म्हणाले, "आणि गोधडी कोणी दिली?"

आजी म्हणाली, "दिली, पण आधी नेली कोणी? पिल्लाची गोधडी घेतलीस. एवढा मोठा घोडा झालास!"

बाबांनी चहाच्या कपात तोंड खुपसलं.

आणि मुटकुळी? तिला कुठे वेळ होता? ती गोधडीत शिरली. अंगाचं मुटकुळं केलं. पाय गरम झाले. कान गरम झाले. नाकाचा शेंडासुद्धा गरम झाला. म्याँव, किती बरं वाटलं!

इतक्यात कुणीतरी टोपलीपाशी आलं. कोण आलं? बाबा आले.

"मुटकुळी, मुटकुळी, जराशी गोधडी दे ना. एवढासा कोपरा. पायाच्या अंगठ्यापुरता."

मुटकुळीने एक डोळा उघडला. बाबांकडे बघितलं. बाबांच्या नाकाकडे बघितलं. आणि म्हणाली,

"कशी देऊ? तुमचं नाक घोरायचं थांबेल, तर कोपरा देईन."

बाबा काय, अजून टोपलीपाशीच बसलेत.

गोधडी आली मुटकुळीला, ऊब आली गोष्टीला. आता डोळे मिटा, आणि नाक पांघरुणाबाहेर ठेवा!