खाली कोण उभं होतं

भाविकहो, खाडीच्या काठी खारपोळ नावाचं गाव होतं आणि त्या गावात इनासबाबा राहत असत. गावात म्हणजे अगदी टोकाला, जिथे जमीन संपते पण समुद्र अजून सुरू झालेला नसतो. तिथे एक दगडी क्रूस, क्रुसामागे झावळ्यांची खोपी आणि खोपीत बाबा. बाबा इतके हलके होते की वारा सुटला की झग्याच्या खिशात दोन धोंडे ठेवत. एकदा ठेवायचे विसरले, तर शेजारच्या आंब्यावर सापडले. "वरून सगळ्यांची कौलं सारखीच दिसतात," एवढंच म्हणाले आणि खाली उतरले.

खारपोळला यायचं ते होडीनं. पण ओहोटीला होडी धक्क्यापर्यंत पोचत नसे. मध्ये दोनशे हात काळाभोर चिखल उरे. त्या चिखलातून माणसं पाठीवर वाहून आणण्याचं काम बस्त्याव करी. घट्ट जागा कुठे आणि फसवी कुठे, हे त्याच्या तळपायांना पाठ होतं. म्हाताऱ्या, बाळंतिणी, शेळ्या, एकदा तर शिवणाचं यंत्र आणि ते चालवणारा शिंपी, दोघंही एकदम. ज्याला जमेल तो काही देई, बाकीचे आशीर्वाद देत. सकाळी धुकं असलं की त्याच्या पाठीवर माणसं झोपी जात आणि धक्क्यावर उतरल्यावर विचारत, "आपण निघालो की नाही अजून?"

एकदा तो बाबांना म्हणाला, "बाबा, माझी प्रार्थना कधी पुरी होत नाही. निम्म्यावर येतो आणि होडीतून हाक येते."

"मग उरलेली अर्धी?"

"राहते तशीच."

"राहत नाही, बाळा," बाबा म्हणाले. "उचलायचं तर माणसाच्या खाली जावं लागतं. तू खाली जातोस ना, तीच उरलेली अर्धी."

बस्त्यावला हे कळलं नाही. पण बरं वाटलं.

गावात कैतानशेट म्हणून केळीचे मोठे बागाईतदार होते. कोटाला सोन्याची बटणं, मिशीला खोबरेल. त्या वर्षी गावच्या ख्रिस्ती देवळाच्या सणाला पलीकडच्या काठावरून चौदा माणसांचा बँड आणायचं त्यांनी ठरवलं. आणायला स्वतः गेले. परतताना नेमकी ओहोटी. होडी चिखलाशी थांबली आणि बस्त्याव पाठ वाकवून उभा राहिला.

"ए चिखलातल्या बैला, बाजूला हो!" कैतानशेट म्हणाले. "हा कोट शहरातून शिवून आणलाय. तुझ्या पाठीवर बसण्यापेक्षा मी केळीवर बसेन."

आणि खरोखरच त्यांनी त्याच पहाटे पाणी ओसरताच गड्यांकडून चिखलावर केळीचे खांब आडवे टाकून, दोरानं बांधून, थेट धक्क्यापर्यंत वाट करून घेतली होती. केळी त्यांच्या, खांब त्यांचे, वाटही त्यांचीच.

"शेट, आज अवस," बस्त्याव म्हणाला. "उधाणाचं पाणी धावत येतं. आणि केळीचा खांब पाण्यावर..."

"केळीचं मला शिकवतोस?"

बँड वाजत वाटेवर चढला. मागून कैतानशेट. अर्ध्यावर आले आणि धुक्यातून, पावलं न वाजवता, भरती आली. केळीचा खांब पाण्यावर जे करतो तेच त्यानं केलं. वाट उचलली गेली आणि हळूहळू उत्तरेला निघाली. चौदाही वादक तिच्यावर फतकल मारून बसले. थांबा असं कुणी सांगितलं नव्हतं म्हणून वाजवतच राहिले आणि तसेच सुखरूप काठाला लागले. कैतानशेट मात्र वजनदार. ते घसरले आणि अथांग खोल अशा फसव्या जागेत छातीपर्यंत रुतले. पाणी गळ्याशी येत होतं.

बस्त्याव होडीकडून तिकडे वळला, तशी धक्क्यावरून त्याची बायको नातालीन ओरडली, "अवो, नका जाऊ! तिथं तळ नाही!"

"ठाऊक आहे गं," तो म्हणाला आणि गेला.

त्यानं कैतानशेटांच्या बाजूला बुडी मारली, चिखल उकरत खाली शिरला आणि त्यांचे पाय आपल्या खांद्यांवर घेतले. कैतानशेट गुडघ्यांपर्यंत वर आले. बस्त्याव हनुवटीपर्यंत खाली गेला.

"अरे गाढवा, तू बुडशील!" शेट ओरडले. पहिल्यांदाच त्यांच्या ओरडण्यात दुसऱ्याची काळजी होती.

"बुडेन की," हनुवटी वर करून बस्त्याव म्हणाला. "तुम्ही हलू नका म्हणजे झालं."

मग त्याचं तोंडही दिसेनासं झालं आणि शेट पुन्हा छातीपर्यंत बुडाले.

इनासबाबा धक्क्यावर आले. खिशातले दोन्ही धोंडे काढून बाजूला ठेवले, गुडघे टेकले आणि शेजाऱ्याशी बोलावं तसं म्हणाले, "प्रभू, सगळ्यांच्या खाली हा असतो. ह्याच्या खाली कुणी नाही."

बँड थांबला. धुकं थांबलं. एक बगळा एक पाय उचलून होता, तो तसाच राहिला. आणि काय सांगावं, कैतानशेट वर येऊ लागले! आधी बटणं, मग गुडघे, मग त्यांच्या पावलांखाली बस्त्यावचं डोकं, खांदे, कंबर. पाण्यावर उभं राहावं तसा तो उभा आणि पाय न हलवता धक्क्याकडे येतोय! देवळातली मूर्ती मिरवणुकीत येते, तशी ती दोन मजली माणसं सावकाश आली आणि धक्क्याला लागली.

नातालीननं त्याला मिठीच मारली. तो चिखल थुंकून म्हणाला, "बाबा, मी नाही चाललो. तळ लागेना. मग पायांखाली दोन खांदे लागले. कुणीतरी माझे घोटे धरले. हात गार होते आणि तळव्यांच्या मधोमध भोकं. मी म्हटलं, अहो, आम्ही दोघं आहोत, जड होईल, मी उतरतो. तर सोडेचनात."

बाबांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

कैतानशेट पुढे आले आणि बाबांच्या पायांवर पडले. "बाबा, मला क्षमा करा!"

"इथे नाही," बाबा म्हणाले. "खाली."

कैतानशेट धक्क्याच्या पायऱ्या उतरले. खालच्या पायरीवर बस्त्याव पाय धूत होता. शेटांनी त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. बस्त्याव इतका गांगरला की त्यानं शेटांचेही पाय धुवायला घेतले.

"आणखी खाली," वरून बाबा म्हणाले.

मग कैतानशेट शहरातल्या कोटासकट पायरीच्या कडेला पाण्याबाहेर उरलेल्या चिखलात उतरले, गुडघ्यांवर बसले आणि जिथे कुणीच दिसत नव्हतं तिथे, त्या काळ्या चिखलावर त्यांनी कपाळ टेकलं.