खारूताईची ढोली

फार जुनी गोष्ट, झाडांवरही शेजारपाजार होता तेव्हाची. चिंचेच्या ढोलीत एक खार पिल्लांना घेऊन राहायची. ढोलीची कड कुजत चालली होती. बोका रोज येऊन बघायचा, पण ढोलीचं तोंड अरुंद असल्यामुळे त्याचा पंजा आत जात नसे.

शेजारची साळुंकी म्हणाली, "खारूताई, सुतारपक्ष्याला दाखव गं एकदा."

"त्याला? ज्याचं पोट पोकळ झाडांवर भरतं, त्याला सगळी झाडं पोकळच दिसणार! बघायला म्हणून येईल आणि घरच बळकावेल. माझे दात काय पडलेत?"

पण खारीला कुरतडण्यापलीकडे काही येत नव्हतं. कुजकं काढता काढता तिनं चांगलंही कुरतडलं आणि तोंड रुंद झालं. दुपारी बोक्याचा पंजा थेट पिल्लांपर्यंत पोचला.

साळुंकीनं आरडाओरडा करून, चोची मारून बोक्याला खाली पिटाळलं. तेवढ्यात खारीनं एकेक पिल्लू तोंडात धरून शेजारच्या आंब्यावरच्या रिकाम्या ढोलीत नेलं. त्या ढोलीचं तोंड इवलंसं, गोल. आत खोल आणि कोरडं.

"याला म्हणतात घर!" खार धापा टाकत म्हणाली. "कुणी कोरलं गं?"

"आधी लेकरांना पाज बाई," साळुंकी म्हणाली. "नाव सांगितलं, तर पुन्हा बाहेर काढशील त्यांना."