पाचव्या महाराजांचं ‘नको’

लढाईत रेवणपूरच्या सगळ्या विहिरी बुजवल्या गेल्या. लोक डबक्यातलं पाणी पीत होते आणि रोज कुणी ना कुणी मरत होतं. गाव पुन्हा उभं करायचं काम पाच मोठ्या राजांच्या सभेकडे होतं. पण सभेचा नियम असा, की एकानं जरी ‘नको’ म्हटलं तरी ठराव रद्द. तीन वर्षं दर बैठकीत कुणीतरी एक राजा ‘नको’ म्हणतच होता.

सभेचा स्वयंपाक कोंडाबाई करायची. ती रेवणपूरची, तिची म्हातारी आई अजून तिथंच होती. त्या दिवशीही विहिरींचा ठराव पडला, तेव्हा ती हात जोडून म्हणाली, “महाराज, निदान नियम तरी बदला.”

अध्यक्ष वज्रकेतू महाराज हसले. “बाई, नियम वाडवडिलांचा आहे. तो ब्रह्मदेवालाही बदलता येणार नाही. तू पानं वाढ.”

पानं मांडली गेली, पण रिकामीच.

“अगं, जेवण कुठंय?”

“चार महाराज म्हणाले, वाढ. पाचवे म्हणाले, पोट बिघडलंय, आज नको. नियमाप्रमाणं जेवण रद्द झालं, महाराज.”

मग बसल्या जागी ठराव झाला, की जेवणाला हा नियम लागू नाही. पाचही हात वर गेले.

“म्हणजे बदलतो की नियम!” कोंडाबाई म्हणाली. “फक्त पोट तुमचं असावं लागतं.”

वज्रकेतूंनी वाटी पुढे सरकवली.

“आमटी वाढ.”

तिनं वाढली. पुढची बैठक सहा महिन्यांनी होती.