हाकेचा जबाब

नद्यांना अजून नावं पडायची होती आणि रानातल्या वाटा जनावरांच्याच पायांनी पडत होत्या, त्या काळातली ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी तर कान देऊन ऐकावी, कारण भांडण मोठ्यांचंच होतं. डोंगराच्या कुशीतल्या एका गावात, मोहाच्या झाडाखाली ते जुंपलं होतं. तिसरा दिवस होता आणि दोन्ही बाजू अजून दमल्या नव्हत्या.

एका बाजूला गावचा नाईक होता. हिरवं पान ओठांत धरून भेकराचा, त्या भुंकणाऱ्या लहान हरणाचा, आवाज काढावा तर त्यानंच. त्याच्या पानाला भुलून खरी भेकरं समोर येऊन उभी राहत. दुसऱ्या बाजूला एकटी धुरपाआजी. गावातल्या पोरांना रान आणि शिकार शिकवायचं काम तिचं. तिला स्वतःला कुणी शिकवलं नव्हतं. तरणेपणी ती एकटी रानात जायची, चुकायची, काट्यांनी फाटून परत यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जायची. म्हणून तिला कुणाचं भय नव्हतं, आणि खरं सांगायचं तर कुणाचं ऐकायची सवयही नव्हती.

नाईकाचं म्हणणं असं, की वर्ष झालं, गावानं पाच पोरं आजीच्या हवाली केली, त्यांत त्याचा लिंबाही होता, आणि वर्षभरात त्यातल्या एकाच्याही हातात तिनं धनुष्य दिलं नाही. नदीपलीकडच्या गावातली एवढ्याच वयाची पोरं ससे आणतात, डुकरं आणतात. आपली पोरं दगडावर बसून येतात.

“माझं पोर घरी येऊन सांगतं, आज कोतवाल पाखरू कसं ओरडलं आणि त्याला कोण काय म्हणालं,” नाईक म्हणाला. “आजी, आम्ही चुलीवर काय ठेवायचं? कोतवालाचं ओरडणं?”

माणसं हसली. आजीनं पदर खोचला.

“ठेव की. तुझ्या बोलण्यापेक्षा लवकर शिजेल.”

माणसं पुन्हा हसली, आणि आता नाईकाचे कान लाल झाले. झाडाच्या बुंध्याआड बसलेल्या लिंबाचेही झाले. बापाचं हसं झालेलं त्याला सोसेना, आणि आजीचं झालेलंही सोसेना. चौदा वर्षांच्या पोरानं अशा वेळी कुठं बघायचं हे कुणी शिकवत नाही.

शेवटी नाईकानं पैज लावली. तीन दिवस तो स्वतः पोरांना तीर सोडायला शिकवील. चौथ्या पहाटे पाचही जणं रानात जातील. एकानं जरी शिकार आणली, तरी शिकवण्याचं काम आजीकडं राहील. पाचही रिकामे आले, तर नदीपलीकडचा तीरंदाज शिकवायला येईल आणि आजीनं घरी बसावं. आजी नुसतं “बरं” म्हणाली आणि पाठ फिरवून घरी गेली. पाठमोरी ती फार लहान दिसली, आणि लिंबानं तिला तशी कधी पाहिली नव्हती.

आता वर्षभर आजीनं शिकवलं तरी काय, ते सांगते. रानाच्या तोंडाशी एक काळा सपाट दगड होता. सूर्य उगवायच्या आत पाचही पोरांनी त्यावर पाठीला पाठ लावून बसायचं. बोलायचं नाही, हलायचं नाही. उन्हं चढली की एकेकानं आजीला एक हाक आणि तिचा जबाब सांगायचा. कोण बोललं आणि त्याला कोण काय म्हणालं. नुसती हाक सांगितली तर आजी काठी आपटून विचारायची, “जबाब कुठाय?”

पहिले महिने लिंबानं मुंग्या मोजल्या. मग हळूहळू कसलं तरी दार उघडल्यासारखं झालं. तांबट पाखराचा टुकटुक सूर दरीच्या या काठावरून निघायचा आणि त्या काठावरून दुसरा तांबट तोच सूर परत पाठवायचा. भेकर भुंकलं की वानरं खाकरायची, सातभाई पाखरांचा कालवा व्हायचा, आणि तो कालवा झाडाझाडांवरून पाण्यावरच्या तरंगासारखा लांब जायचा. डोळे मिटून बसलं की सगळं रान एका मोठ्या झोपलेल्या जनावरासारखं वाटायचं, आणि आपण त्याच्या कुशीवर कान ठेवून पडलोय असं वाटायचं. साळू नावाची पोर तर म्हणायची, की मला रानाचा श्वास ऐकू येतो. बाकीचे तिला हसायचे, पण प्रत्येकाला तो एकदा तरी ऐकू आला होता.

एकदा खालच्या वाटेनं एक लाकूडतोड्या गेला. लिंबाला तो दिसला नाही, त्याची पावलंही वाजली नाहीत. पण पाखरं एका जागी गप्प झाली, मग पुढच्या जागी, मग आणखी पुढं. त्या माणसाबरोबर एक गप्पपणा चालत गेला, घोंगडी अंगावर ओढून चालावं तसा. लिंबानं आजीला सांगितलं, आज मी हाक ऐकली नाही, नुसता न आलेला जबाब ऐकला. त्या दिवशी आजीनं काठी आपटली नाही. आपल्या भाकरीतली अर्धी त्याच्या हातावर ठेवली.

तर नाईकानं तीन दिवस पोरांना धनुष्य शिकवलं. बांधावर भोपळा ठेवला. पहिल्या दिवशी तीर कुठंही गेले. दुसऱ्या दिवशी बांधाला लागले. तिसऱ्या दिवशी लिंबाचा तीर भोपळ्यात मधोमध घुसला, आणि नाईकानं त्याच्या पाठीवर इतक्या जोरानं थाप मारली की पोर पुढं झुकलं. ती थाप लिंबाला रात्रभर पाठीवर जाणवत राहिली.

चौथ्या पहाटे धुकं उतरलं. साधंसुधं नव्हे. झाडांना बुंधे नव्हते आणि डोंगराला माथा नव्हता. आपलाच हात लांब केला तर बोटं दुसऱ्या कुणाची वाटावीत असं. पोरं एकेक करून त्या दुधात शिरली आणि विरघळली. लिंबाला ओढ्याच्या खालच्या अंगाला जायचं होतं, पण धुक्यात वर-खाली कळेना. तो चालत राहिला, आणि कारवीच्या एका जाळीपाशी उभा राहिला.

तेवढ्यात भेकर भुंकलं. अगदी जवळ.

लिंबानं तीर दोरीला लावला. कारवीच्या मागं काहीतरी तपकिरी हललं, कमरेएवढं उंच. भेकर पुन्हा भुंकलं, भरदार, नर असणार. लिंबानं दोरी कानापर्यंत ओढली. त्याच्या मनात दोनच गोष्टी होत्या. आजीला घरी बसावं लागणार नाही. आणि बाबा पुन्हा पाठीवर थाप मारतील.

त्यानं श्वास धरला, आणि श्वास धरला म्हणून त्याला ऐकू आलं. दूर ओढ्यापलीकडं बुलबुल बोलत होते. मागं, डोंगराच्या अंगाला, सातभाई कुजबुजत होते. पानांवरून दव ठिबकत होतं. पण त्या कारवीभोवती काहीच नव्हतं. भेकर दोनदा भुंकलं होतं आणि एक वानर खाकरलं नव्हतं. समोरच्या झाडात एक पाखरू बोलत नव्हतं. धुक्याच्या आत आणखी एक धुकं असावं, तसा तिथं गप्पपणा बसला होता.

भेकर तिसऱ्यांदा भुंकलं. आवाज इतका खरा होता, की लिंबाच्या बोटांनाच तो खरा वाटला. ती सुटायला आली. सोडून द्यावं, पुढचं पुढं, असं एकदा वाटलं. पण जबाब नव्हता.

त्यानं दोरी माघारी घेतली. ओढताना ती इतकी जड नव्हती. तसूतसूनं आणली, मनगट सोलून निघालं, आणि तीर दोरीवरून काढून त्यानं पायापाशी दगडावर ठेवला.

“कोण आहे तिकडं?” त्यानं विचारलं.

कारवी हलली. धुक्यातून तपकिरी घोंगडी पांघरलेला त्याचा बाप बाहेर आला. ओठांत अजून पान होतं.

पोर खालच्या अंगाला असेल अशा हिशोबानं तो वर येऊन बसला होता. पानावर भेकर बोलवायचं, आलं की खाली हाकायचं, ते ओढ्याकाठी उतरलं की पोराला आयतं मिळावं, एवढंच त्याच्या मनात होतं. पैज हरायला निघालेला असा बाप पाहिलाय कुणी? पण बापच तो. पैज आजीविरुद्ध लावली, आणि पोरासाठी चोरून रानात आला.

त्यानं दगडावरचा तीर पाहिला. पोराचं रक्ताळलेलं मनगट पाहिलं. दोघांत अंतर किती होतं तेही पाहिलं, दहा पावलं. पान ओठांतून गळून पडलं. मग दोघं गावाकडं चालू लागले.

मोहाच्या झाडाखाली गाव जमलं होतं. पाचही पोरं रिकामी आली होती. पैज आजी हरली, असं जो तो म्हणायला लागला, आणि नदीपलीकडच्या तीरंदाजाला आजच निरोप धाडावा असंही कुणी सुचवलं. नाईक गप्प राहिला असता तर कुणाला काही कळलं नसतं. पण त्यानं गप्प राहायचं नाकारलं, आणि रानात काय झालं ते सगळ्यांसमोर सांगून टाकलं, आपली लबाडीसुद्धा.

“माझ्या पानाला भेकरं फसतात. मग हे पोर कसं फसलं नाही?” त्यानं विचारलं.

“बाबा, तुम्हाला कुणी जबाब दिला नाही,” लिंबा म्हणाला.

नाईक खाली बसला. तरी त्याचा ताठा एकदम जाईना. शेवटी नाईकच तो. तो आजीला म्हणाला, की हे सगळं खरं, पण शिकार तर आली नाही, आणि शिकार न आणणारा शिकारी गावाच्या काय कामाचा?

त्यावर आजी बोलली ते एकच वाक्य. त्या वाक्यानं इतक्या दिवसांचं भांडण मिटलं. नदीपलीकडं निरोप गेला नाही. पुढच्या वर्षी त्या काळ्या दगडावर पाचाच्या जागी नऊ पोरं पाठीला पाठ लावून बसली, आणि पहिल्या सकाळी त्यांच्यामागं डोळे मिटून नाईकही बसला.

आजी म्हणाली, “तीर सोडायला तीन दिवस पुरतात, नाईका, ताणलेली दोरी तीर न सोडता माघारी घ्यायला वर्ष लागतं, आणि ज्याला ते आलं त्याच्याच हाती धनुष्य द्यावं.”