तिसऱ्या नाक्यावरचा निरोप

एका राज्यात रत्नकेतू नावाचा राजा होता. शेजारच्या राज्याशी तह करायला तो निघाला, तो परतलाच नाही. दोन राज्यांमधली वाट धूम्रनाथ नावाच्या मांत्रिकाने शापून टाकली होती आणि तिच्यावर तीन नाके बसवले होते. त्या वाटेला लागलेला माणूस पलीकडे पोचत नसे, आणि अलीकडेही दिसत नसे.

इकडे सेनापतीला चेव आला. "शेजाऱ्यांनीच महाराजांचा घात केला. पौर्णिमेला आम्ही चाल करणार," तो म्हणाला. राजकन्या चारुलेखा हे ऐकून उठली. बाप हरवलाच होता, आता राज्यही जायची वेळ आली होती. तिने घोडा नाकारला, शिपाई नाकारले आणि पायी निघाली.

वेशीबाहेर बाभळीवर एक साळुंकी बसली होती. ती माणसासारखी बोलत असे, त्याचं त्या मुलखात कुणाला नवल नव्हतं. साळुंकी म्हणाली, "पोरी, उजेडात चाल. पहिल्या नाक्यावर विचारतील तेवढंच सांग. दुसऱ्यावर हात रिकामे ठेव."

"आणि तिसऱ्यावर?"

"तिथलं सांगायला कुणी माघारी आलेलं नाही." एवढं बोलून ती राजकन्येच्या खांद्यावर येऊन बसली.

पहिल्या नाक्यावर एक वेताळ तलवार परजत उभा होता. लांबण लावणाऱ्याचं डोकं उडवायचं, असा त्याला हुकूम होता, आणि राजेलोक तर आपली बिरुदं सांगता सांगताच अर्धा दिवस घालवतात! वेताळ गरजला, "कोण? कुठे? कशाला?"

"चारुलेखा. पलीकडे. वडिलांना शोधायला."

वेताळ पुढच्या शब्दांची वाट बघत राहिला. ते आलेच नाहीत. त्याने नाइलाजाने तलवार म्यान केली.

पुढे निषिद्ध रान लागलं. चुना फासलेल्या दगडांमधून तेवढी पायवाट होती. तिच्याबाहेर पाऊल पडलं की भुई माणसाला गिळत असे. दोन्ही बाजूंना सोन्याचे हंडे लवंडलेले होते आणि ते लाडीगोडीने हाका मारत होते, "उचल ना गं!" चारुलेखेने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पण एका वळणावर तिला बापाचा शिरपेच दिसला. अगदी हाताच्या अंतरावर, गवतात. तिचा जीव तुटला. ती वाकली, हात पुढे केला, तोच साळुंकीने तिच्या कानाला कडकडून चोच मारली.

"बाबांचा आहे गं!" ती कळवळली.

"बाप हवाय की शिरपेच?" साळुंकीने विचारलं.

राजकन्येने डोळे पुसले आणि सरळ चालू लागली. दुसऱ्या नाक्यावरच्या नागाने तिचे उघडे तळवे हुंगले, आणि फणा बाजूला घेतला.

तिसऱ्या नाक्यावर स्वतः धूम्रनाथ बसला होता. राक्षस नव्हे, पिकल्या दाढीचा थकलेला म्हातारा. त्याने तिला काही विचारलं नाही, झडती घेतली नाही. गूळपाणी दिलं आणि म्हणाला, "वाट मोकळी आहे. निघ."

नाक्याच्या अडसरापलीकडे दगड झालेली माणसं उभी होती. त्यांतली एक पाठमोरी मूर्ती जराशी डाव्या खांद्यावर कललेली होती. चारुलेखेने ती तत्काळ ओळखली. धावावं, ओरडावं, काय करावं ते तिला कळेना. पण पाणी पाजणाऱ्याकडे पाठ फिरवून निघायची तिच्या घरात रीत नव्हती. तिने तांब्या खाली ठेवला, म्हाताऱ्याला वाकून नमस्कार केला आणि सवयीनेच बोलून गेली, "येते हं, बाबा."

आणि म्हातारा सवयीनेच म्हणाला, "ये गं."

झालं! शब्द तोंडातून गेला तसा धूम्रनाथाने कपाळावर हात मारून घेतला. अडसर आपोआप गळून पडला. ज्या दाराने एकाला "ये" म्हटलं, त्या दाराला कुणालाच अडवता येत नाही.

"माझी लेक भांडून 'जाते' म्हणाली, आणि गेली," तो हुंदका देत म्हणाला. "तेव्हा मी शाप दिला, इथे जो 'जातो' म्हणेल, तो कुठेच पोचू नये. इथवर येणाऱ्याला सुटायची घाई. सगळे 'जातो, जातो' म्हणत पळाले. इतक्या वर्षांत मला 'येते' म्हणणारी तूच."

दगड हलले. कुणी जांभई दिली, कुणी जोडा शोधू लागला. रत्नकेतू राजा मागे वळला आणि रागावून म्हणाला, "चारू! या असल्या वाटेने तू एकटी आलीस?"

बापाचं ते रागावणं ऐकून राजकन्येला इतकं हायसं वाटलं, की ती मटकन खाली बसली आणि पोटभर रडली. राजाचा राग कुठच्या कुठे पळाला. तोही तिच्याशेजारी धुळीत बसला.

पलीकडे जाऊन तह झाला. पौर्णिमेच्या आत बापलेक त्याच वाटेने माघारी फिरली. वेताळाला दुसरं काम शोधावं लागलं, आणि सेनापतीने तलवारीला तेल लावून ती खुंटीला टांगली. तिसऱ्या नाक्यावर म्हातारा पिठलंभाकरी रांधून वाट बघत होता. लांबून चारुलेखा दिसली तशी त्याने आणखी एक पान मांडलं, लेकीच्या नावाचं, आणि ते तसंच झाकून ठेवलं.

रत्नकेतू जसा घरी आला, तशी वाटेत अडकलेली सगळ्यांची माणसं घरी येवोत.